विषय : सोने खरेदीबाबत

भाऊंना तंद्री लागते हे त्यांच्या खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचीच तिला हरकत नव्हती, कारण भाऊ रेकॉर्ड रूममध्ये होते. पाणीपुरवठा खात्याची रेकॉर्ड रूम! तिथे माणसाने तंद्री लावायची नाही तर काय गाणं म्हणायचं? चारी भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या, फळ्यांवर लाल फितीत बांधलेल्या फायली, आणि एकच खिडकी, तीही इतकी उंच की तिच्यातून बाहेरचं काही दिसत नाही, नुसतं ऊन आत येतं. दुपारी तीनच्या सुमाराला ते ऊन तिरकं होऊन धुळीत उतरायचं. मग भाऊ समोरची नोंदवही तशीच उघडी ठेवून त्या धुळीकडे बघत बसायचे. धुळीचे कण सावकाश वर जायचे, सावकाश खाली यायचे, कुणालाच कुठे पोचायची घाई नसायची. चार वाजता चहा आला की भाऊ पृथ्वीवर परत यायचे.

पण एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगायला हवी. एकतीस वर्षांत भाऊंच्या हातून एक कागद हरवला नव्हता. कोणत्या गल्लीतला कोणता नळ कोणत्या साली गळत होता, हे विचारा आणि पाच मिनिटांत फाईल टेबलावर. भाऊंचं वैभव म्हणाल तर तेवढंच.

आणि एक अपघात. बावीस वर्षांपूर्वी शिडीच्या नवव्या पायरीवर उभं राहून ते हीच धूळ बघत होते. बघता बघता विसरले की आपण शिडीवर आहोत. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. ऑपरेशन तातडीचं होतं, आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या गेल्या. पाय नीट झाला. खात्यात नियम निघाला की शिडीवर चढताना खाली दुसरं माणूस पाहिजेच. बांगड्यांचा विषय मात्र घरात पुन्हा निघाला नाही. भाऊंनी काढला नाही, कारण त्यांना लाज वाटायची. वहिनींनी काढला नाही, कारण त्या वहिनी होत्या.

तर एका सकाळी वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, “अहो, त्या बँकेतल्या ठेवीची मुदत संपतेय या महिन्यात. मी म्हणते, त्याचं सोनं घेऊ या.”

भाऊंनी पेपरातून डोकं वर काढलं.

“म्हणजे गुंतवणूक म्हणून हो,” वहिनींनी घाईघाईने जोडलं, आणि एकाच टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घातली.

आता दुसऱ्या कोणाच्याही कानाला ती घाई लागली असती. भाऊंच्या कानात शिरला तो ‘गुंतवणूक’ हा शब्द, आणि तो शिरल्यावर बाकी कशाला जागाच उरली नाही. गुंतवणूक म्हणजे जबाबदारीचं काम! उठलं, दुकानात गेलं आणि घेऊन आलं, असं थोडंच असतं? माणसाने विचार करायला हवा, जाणकारांना विचारायला हवं, आणि मुख्य म्हणजे सगळं लेखी पाहिजे. त्याच संध्याकाळी भाऊंनी घरातला एक जाड पुठ्ठा शोधला, त्याला भोकं पाडली, आत कोरे कागद लावले, आणि वर आपल्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं : ‘विषय : सोने खरेदीबाबत’. सोबतचा कागद म्हणून ठेवीची मूळ पावती टाचणीने लावली. घरात लाल फीत नव्हती. म्हणून वहिनींनी जुन्या हिरव्या पडद्याची एक पट्टी फाडून दिली.

“एवढं कशाला हो?” त्या म्हणाल्या.

“अगं, उद्या कोणी विचारलं की हा निर्णय कसा घेतला, तर?”

“कोण विचारणार आहे?”

भाऊंनी हिरव्या पट्टीची गाठ आवळली. एकतीस वर्षांत त्यांना अमुक कागद कशाला ठेवलाय असं कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ठेवलाच होता की नाही?

पहिल्या पानावर त्यांनी टिपणी लिहिली. सोने घ्यावयाचे आहे, ते दागिना, नाणे, मोबाईलमधले किंवा अन्य कोणत्या स्वरूपात घ्यावे, याबाबत अभिप्राय द्यावा, ही विनंती. आणि फाईल निघाली.

सगळ्यात आधी ती गेली भाऊ राहायचे त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणजे सोन्याशी प्रत्यक्ष संबंध आलेला इमारतीतला एकमेव माणूस. जुन्या काळी त्यांनी लोकांच्या दाढांवर सोन्याच्या टोप्या बसवल्या होत्या. फाईल त्यांच्याकडे नऊ दिवस राहिली, कारण दवाखान्यात थांबलेले पेशंट ती मासिकासारखी वाचत बसायचे. एकाने तर मार्जिनमध्ये ‘माझे दुखत आहे’ असंही लिहून ठेवलं होतं. दहाव्या दिवशी भाऊ फाईल आणायला गेले, तेव्हा डॉक्टर एका उघड्या तोंडावर वाकले होते.

“भाऊ, माझं ऐकाल तर सोनं दाढेत ठेवा,” ते मान वर न करता म्हणाले. “लॉकरचं भाडं नाही, विसरायची भीती नाही, आणि चोराला हवं असेल तर त्याला आधी माझ्याकडे शिकायला यावं लागेल.”

खुर्चीतला पेशंट काहीतरी म्हणाला, पण तोंडात आरसा असल्यामुळे त्याचा अभिप्राय नोंदवता आला नाही. भाऊ जिन्यातून वर येताना हळूच जिभेने आपल्या दाढा चाचपत होते. बत्तीस दाढा-दात, आणि त्यांतली एक सोन्याची. आपण हसलो की तोंडातून उजेड पडतोय, आणि ऑफिसात दिवे गेले की साहेब म्हणतायत, भाऊ, जरा हसा हो! दुसऱ्या मजल्याऐवजी ते गच्चीवर जाऊन पोचले, तेव्हा कुठे भानावर आले.

मग फाईल गेली मेव्हण्याकडे. मेव्हण्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या मते सोनं हातात धरणं हा मागासलेपणा होता.

“भाऊजी, आता सोनं फोनमध्ये असतं,” तो म्हणाला. “बटण दाबलं की घेतलं, बटण दाबलं की विकलं.”

“पण असतं कुठे ते?”

“असतं की. एका मोठ्या तिजोरीत. तुमच्या नावाचं.”

“आपल्याला बघता येतं?”

“बघायचंय कशाला? आकडा दिसतो ना!”

त्या रात्रीची गोष्ट सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारभर भाऊंच्या डोळ्यांसमोर ते सोनं होतं. कुठेतरी लांब, जमिनीखाली, एका थंडगार तिजोरीत आपल्या नावाचा एक एवढासा कण पडलाय. आजूबाजूला सगळे परके. त्याला आपला चेहरा माहीत नाही, आपल्याला त्याचा माहीत नाही. भाऊंना त्या कणाची इतकी कणव आली की त्यांनी चहा अर्धा ठेवला. फाईलवर मात्र मेव्हण्याने झोकात लिहिलं होतं : ‘फोनमध्येच घ्यावे. फोन माझ्याकडून घ्यावा.’

नाण्याचाही विचार झाला. नाणं घ्यावं आणि बँकेत लॉकर घ्यावा, असं डॉक्टरांकडच्या कुणा पेशंटने लिहिलं होतं. लॉकरसाठी बँकेत मोठी रांग होती, ती एक गोष्ट. पण लॉकर म्हणजे वेळेच्या आत जायचं, वहीत सही करायची, पाच मिनिटं बघायचं आणि परत यायचं. भाऊंना ते दवाखान्यातल्या पेशंटला भेटायला गेल्यासारखं वाटलं. सोन्याला काय म्हणायचं, कसं वाटतंय आता?

या सगळ्यात महिना उलटला. रोज सकाळी वहिनी पेपर आधी उघडायच्या, आतल्या पानावर काहीतरी बघायच्या आणि पुन्हा नीट घडी घालून भाऊंच्या समोर ठेवायच्या. भाऊंना वाटायचं, कोडं बघत असतील.

शेवटी फाईल गेली तिसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरांकडे. हे ऑडिटर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांना हरकत घ्यायला एक कागद मिळाला नव्हता. बिचारे भाजीवाल्याच्या पावतीवर हरकती घ्यायचे. त्यांच्या हातात आख्खी फाईल पडल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की भाऊंनाच बरं वाटलं. तीन आठवडे त्यांच्या खिडकीतला दिवा जळत होता. फाईल परत आली ती एकोणतीस हरकतींसह. दागिन्याला घडणावळ लागते, ती निव्वळ तोटा आहे. नाण्यालाही लागते, तो थोडा कमी तोटा आहे. डॉक्टरांच्या सूचनेत दाढ कोणाची हे स्पष्ट नाही. मेव्हण्याचा स्वार्थ उघड आहे. ‘माझे दुखत आहे’ हा मजकूर विषयाशी विसंगत आहे. आणि शेवटी लाल शाईत, खाली दोन रेघा मारून : ‘प्रस्ताव अपूर्ण. तूर्त दप्तरी दाखल.’

इथे घात झाला. भाऊंनी ठरवलं होतं की जेवणाच्या सुट्टीत बसून एकेका हरकतीला उत्तर द्यायचं, म्हणून ते फाईल ऑफिसात घेऊन गेले. डबा खाल्ला, फाईल टेबलावर ठेवली. बाकीच्या फायलीही होत्याच. तीन वाजले. ऊन तिरकं झालं. धूळ सोन्यासारखी दिसायला लागली, आणि त्या दिवशी तर भाऊंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. हे एवढं सोनं रोज आपल्या खिडकीतून येतं, कुणाचा अभिप्राय लागत नाही, घडणावळ लागत नाही, मग आपण कसली चिंता करतोय, अशा काहीतरी विचारात ते तरंगत असताना त्यांच्या हाताखाली एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं ‘दप्तरी दाखल’. ते शब्द वाचल्यावर एकतीस वर्षं हात जे करत आले होते तेच हातांनी केलं. शिक्का मारला, नंबर टाकला, आणि फाईल फळीवर गेली.

चहा आला तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

भाऊंनी नोंदवही बघितली. नंबर होता, तारीख होती, विषय होता. ‘फळी’ या रकान्यात काही नव्हतं. एकतीस वर्षांत पहिला कोरा रकाना!

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. खिडकीमागची बाई समजूतदार होती. “काका, एवढं काय त्यात? पावती हरवल्याचं लिहून द्या, दोन साक्षीदार आणा, दुसरी पावती देतो.”

“हरवल्याचं?” भाऊ ताठ झाले.

“हो. हरवली ना?”

“हरवली नाही. सापडत नाहीये.”

“तेच ते, काका.”

“तेच कसं? बाई, मी रेकॉर्डकीपर आहे. माझ्या सहीने मी कागद हरवला असं लिहून देऊ?”

मागे रांग वाढत चालली होती. बाईंनी नवा अर्ज पुढे सरकवला. भाऊंनी तो दोन बोटांनी परत सरकवला आणि ते मान ताठ ठेवून बाहेर पडले, ते बाहेर पडायच्या दारातून नाही तर शिपायांच्या चहाच्या खोलीतून, त्यामुळे त्यांना पुन्हा सगळ्या रांगेसमोरून यावं लागलं.

पंधरा दिवस भाऊंनी खालच्या फळ्या पालथ्या घातल्या. वरच्या बघायच्या तर शिडी, आणि शिडी म्हणजे खाली दुसरं माणूस. ते मागायचं तर साहेबांना कारण सांगायला हवं, आणि ते सांगण्यापेक्षा भाऊंनी पुन्हा पाय मोडून घेतला असता. शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी वहिनींना सगळं सांगून टाकलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“बाहेरच्या माणसाला अर्ज करावा लागतो.”

“मग अर्ज करते.”

आणि खरंच केला. अर्जात ‘कोणता कागद हवा’ याच्यापुढे वहिनींनी लिहिलं, ‘आमची पावती’. ‘कशासाठी’ याच्यापुढे लिहिलं, ‘आमची आहे म्हणून’. भाऊंनी तो अर्ज स्वीकारून त्यावर स्वतःच परवानगीचा शिक्का मारला. कारण अपुरं होतं, पण नाही म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

एकतीस वर्षांत वहिनी पहिल्यांदाच त्या खोलीत येत होत्या. दारात थांबून त्यांनी एकदा चारी भिंती बघितल्या, मग खिडकी. तीन वाजायला आले होते.

“इथेच असता तुम्ही दिवसभर?” त्या हळूच म्हणाल्या. “छान आहे हो.”

मग पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळ्या भिंतीभर लाल फिती, आणि अगदी वर, छताला लागून, एक हिरवी पट्टी लोंबत होती.

“तो बघा आपला पडदा!” वहिनी म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता. मग त्यांची नजर त्या फळीवरून शिडीवर आली, शिडीवरून भाऊंच्या उजव्या पायावर, आणि आनंद गेला. “तिथे कशी गेली ती?”

भाऊंनी शिडीला हात लावून बघितला.

“अहो, तिथे कशी गेली? तुम्ही चढलात? एकटे?”

“मला आठवत नाही गं. हात आपले आपण...”

“पुन्हा पडला असतात म्हणजे?” वहिनींचा आवाज चढला. खात्याच्या त्या खोलीत इतक्या मोठ्याने कोणी कधी बोललं नसेल. “आता विकायला काय आहे माझ्या हातात?”

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं जे बोलल्या नव्हत्या ते बोलून गेल्या होत्या.

“मी धरते,” त्या मग एवढंच म्हणाल्या. “चढा.”

भाऊ चढले. नवव्या पायरीवर त्यांनी खाली बघितलं. वहिनी शिडी दोन्ही हातांनी धरायच्या बेतात होत्या, आणि त्याआधी त्यांनी उजव्या हाताने डाव्या मनगटावर, मग डाव्या हाताने उजव्या मनगटावर, काहीतरी मागे सारल्यासारखं केलं. कामाला हात घालण्याआधी बांगड्या वर सारतात तसं. मनगटं रिकामी होती. भाऊंना एकदम आठवलं की भांडी घासायला बसताना, कपडे पिळताना, बादली उचलताना, त्या रोज हेच करतात. बावीस वर्षं आपण ते बघतोय आणि आपल्याला दिसलेलं नाही. समोर ऊन धुळीत उतरलं होतं, कण वर जात होते, खाली येत होते. भाऊंनी तिकडे पाठ केली आणि मनगटांकडे बघत राहिले.

“आता तंद्री लावू नका हं!” खालून आवाज आला.

“नाही लावत,” भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे फाईल त्यांनी चाचपडतच काढली.

खाली येऊन त्यांनी ती झटकली, टेबलावर ठेवली, हिरवी पट्टी सोडली. पावती जागच्या जागी होती. मग त्यांनी पानं उलटली. डॉक्टर होते, पेशंट होते, मेव्हणा होता, ऑडिटर तर सात पानं होते. सगळ्यांना विचारून झालं होतं. फाईल इमारतभर फिरली होती, आणि जिने पडद्याची पट्टी फाडून दिली तिच्यापुढे ती एकदाही ठेवली गेली नव्हती. भाऊंनी कोरं पान काढलं, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि पेन दिलं.

“बस. अभिप्राय दे.”

“काहीतरीच काय!”

“दे. त्याशिवाय फाईल पुढे जात नाही.”

वहिनी लाजल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पेन घेतलं, दोनदा टोपण लावलं, दोनदा काढलं. मग लिहिलं : ‘दोन बांगड्या. जाड नकोत.’

भाऊंनी खाली लिहिलं ‘मंजूर’ आणि सही केली. एवढ्या लहान टिपणीवर एवढी मोठी सही त्यांनी आयुष्यात केली नव्हती. मग नोंदवहीतल्या ‘फळी’च्या कोऱ्या रकान्यात काय लिहायचं याचा थोडा विचार केला आणि फाईल पिशवीत टाकली.

शनिवारी दोघं सोनाराच्या दुकानात गेली. सोनार वयस्कर, चष्मा कपाळावर. त्याने दोन बांगड्या काट्यात टाकल्या, दुसरीकडे ठेवीची आलेली रक्कम विचारली, कागदावर आकडेमोड केली, घडणावळ धरली आणि मान हलवली. “बरोब्बर बसतंय. एक ग्रॅम वाढला असता तरी पैसे कमी पडले असते.” मग गप्पांच्या ओघात तो म्हणाला, “दोन महिने आधी आला असतात तर चांगल्या जाड झाल्या असत्या. तेव्हापासून भाव सारखा चढतोय. रोज पेपरात येतं की.”

भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी मन लावून बांगड्यांची नक्षी बघत होत्या.

रोज सकाळी आधी उघडलेला पेपर. आतलं पान. नीट घडी. आणि मग ‘जाड नकोत’. भाऊंना वाटलं होतं, आवड असेल. फाईल एकेका दारात थांबली होती आणि त्या एकेका दिवसाने बांगडी केसाएवढी बारीक होत गेली होती, आणि घरात एका माणसाला ते रोज कळत होतं.

“तू बोलली का नाहीस?” ते दुकानाच्या पायऱ्या उतरताना म्हणाले.

“तुम्ही इतकं मन लावून करत होतात,” वहिनी म्हणाल्या. “शिवाय ऑडिटरांना किती बरं वाटलं.”

ऑडिटरांना मात्र बरं वाटलं नाही. घडणावळीत गेलेली रक्कम ही वसूल न होणारी आहे, अशी तिसावी हरकत त्यांनी जिन्यातच तोंडी नोंदवली. भाऊंनी ती हसून ऐकून घेतली, आणि विशेष म्हणजे लिहून घेतली नाही.

रविवारी दुपारी भाऊ खिडकीशी बसले होते. घरातही त्या वेळी थोडं ऊन येतं. धूळ वर जात होती, खाली येत होती, भाऊ हळूहळू तिच्याबरोबर निघालेच होते. आत वहिनी भांडी घासायला बसल्या. त्यांनी एका मनगटावर सारलं, मग दुसऱ्या मनगटावर सारलं, आणि या वेळी भाऊंना बांगड्यांचा आवाज ऐकू आला. बारीकच होता. भाऊ उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“काय हवंय?” वहिनी म्हणाल्या.

“काही नाही,” भाऊ म्हणाले. “पुन्हा एकदा कर.”